कोकणातलं गवत कार्बन साठवतं की सोडतं?

गवताळ जमीन हवेतला कार्बन साठवते की सोडते, या प्रश्नाचं खरं उत्तर आहे: दोन्ही करते, आणि तेही रोज. दिवसा पानं हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात. त्याच वेळी, आणि रात्रीही, तेच गवत, त्याची मुळं आणि मुळांभोवतीचे जिवाणू श्वासावाटे तो परत सोडत असतात. त्यामुळे डोंगर हिरवागार दिसतो यावरून काहीच ठरत नाही. वर्षअखेर जमिनीत काय उरलं, हे बघावं लागतं. आणि त्या जमिनीवर माणूस जे करतो, म्हणजे गवत कापतो, गुरं सोडतो, काडी लावतो, नांगर घालतो, त्याने ते उरलेलं वाढतं की घटतं, हेही बघावं लागतं.

कोकण म्हटलं की डोळ्यांपुढे माड, पोफळी, आंबा आणि भातखाचरं येतात. पण पालघरच्या उतारांपासून राजापूर-देवगडच्या सड्यांपर्यंत, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारांपर्यंत, केवढीतरी जमीन गवताखाली आहे. वरकस (भात न होणारी हलकी जमीन), गुरचरण, नाचणी-वरी बंद झाल्यावर पडून राहिलेले डोंगरउतार, कातळ. या जमिनीबद्दल सध्या दोन गोष्टी ऐकू येतात. एक जुनी: "गवतच ते, जाळलं तरी जूनमध्ये परत येतंय." दुसरी नवी, बहुधा मोबाइलवरून आलेली: "गुरं नीट चारा, जमीन हवेतला सगळा कार्बन ओढून घेईल आणि वर कार्बन क्रेडिटचे, म्हणजे साठवलेल्या कार्बनचे, पैसे मिळतील." दोन्हींत तथ्य आहे, पण दोन्ही अर्धवट आहेत, आणि त्या अर्धवटपणाची किंमत आपल्या डोंगरांना मोजावी लागते. म्हणून हा हिशेब मुळापासून मांडतो.

कार्बन असतो कुठे?

जंगलात कार्बन डोळ्यांना दिसतो. खोडात, फांद्यांत तो उभा असतो. गवताचं तसं नाही. वरचं पातं वर्षभरात सुकतं, खाल्लं जातं, जळतं किंवा कुजतं. जे टिकतं ते जमिनीखाली.

दिवाळीच्या सुमारास गवताची कापणी झाली की उताराच्या कडेला कुदळीने एक ढेकूळ काढून बघा. वरचा चार बोटांचा थर काळपट तपकिरी असतो आणि केसाइतक्या बारीक मुळांनी इतका विणलेला असतो की ढेकूळ हातात धरून हलवलं तरी सुटत नाही. चिमटीने फोडलं तर भुगा होत नाही, कणीदार माती सुटते, आणि प्रत्येक कणीतून एखादं मूळ आरपार गेलेलं दिसतं. त्याखाली रंग तांबूस होत जातो, मुळं विरळ होतात, मग जांभ्याचे खडे लागतात. तो वरचा काळपट रंग म्हणजेच मृदा आरोग्य पत्रिकेवर, म्हणजे माती तपासणीच्या अहवालावर, लिहिलेला सेंद्रिय कर्ब. कर्ब म्हणजे कार्बनच. आपल्या या लेखातला सगळा विषय त्या चार बोटांत आहे.

जगाच्या पातळीवर हा साठा लहान नाही. जमिनीच्या वरच्या एका मीटरमध्ये सुमारे १,५०० अब्ज टन सेंद्रिय कर्ब आहे. हवेत कार्बन डायऑक्साइडच्या रूपात असलेला कार्बन सुमारे ८७० अब्ज टन, आणि सगळ्या झाडापेडांत मिळून त्याहूनही कमी. म्हणजे पायाखालची माती हवेपेक्षा जास्त कार्बन धरून आहे. तिच्यातला थोडा हिस्सा सुटला तरी हवेला तो जाणवतो.

जमिनीतला सगळा कर्ब एकसारखा नसतो, हे मात्र नीट समजून घ्यायला हवं. मेलेली मुळं, पानांचे तुकडे, अर्धवट कुजलेला पाला हा कच्चा माल. तो काही महिन्यांत ते काही वर्षांत जिवाणू संपवतात. दुसरा कर्ब मातीच्या बारीक कणांना चिकटून बसलेला असतो, तो दशकानुदशकं, कधी शतकानुशतकं टिकतो. आपल्या तांबड्या मातीत लोह आणि अ‍ॅल्युमिनियमची ऑक्साइडं भरपूर असतात आणि ती हा दुसरा कर्ब घट्ट धरतात. एवढा मुसळधार पाऊस आणि एवढी उष्णता असूनही कोकणच्या जमिनीत सेंद्रिय कर्ब देशावरच्या पुष्कळ जमिनींपेक्षा चांगला सापडतो, त्याचं हे एक कारण. दुसरं कारण, भरपूर पावसामुळे दरवर्षी मुबलक वाढणारा पाला आणि मुळं.

पण ओल आणि ऊब एकत्र आली की कुजणंही जोरात चालतं. आपल्याकडे पाऊस चार महिन्यांत अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पडतो आणि पुढचे सात-आठ महिने जमीन कोरडी पडते. कोरड्या जमिनीत जिवाणू जवळजवळ थांबलेले असतात. जूनचा पहिला पाऊस पडला की ते एकदम कामाला लागतात आणि काही दिवस मातीतून कार्बन डायऑक्साइडचा लोट निघतो. एच. एफ. बर्च यांनी केनियात काम करताना १९५८ साली हे मांडलं, म्हणून त्याला बर्च परिणाम म्हणतात. सुकलेली जमीन भिजली की हे होणारच, ते कुणाला थांबवता येत नाही. तेव्हा जूनमध्ये मोजलं तर जमीन कार्बन सोडताना दिसेल, ऑगस्टमध्ये मोजलं तर घेताना. एका महिन्याच्या मोजणीवरून दावा करणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, तो यासाठी.

घरातल्या कणगीचं उदाहरण घ्या. भात झोडून झालं की ती भरते, मग वर्षभर रोज थोडं थोडं काढलं जातं. दिवाळीनंतर किती पोती आत गेली यावरून घर सुखी की अडचणीत हे कळत नाही, आणि आज किती शेर काढले यावरूनही कळत नाही. पुढचं पीक यायच्या आधी तळाशी किती आहे, आणि गेल्या वर्षी त्याच वेळी किती होतं, हे बघावं लागतं. जमिनीतल्या कर्बाचं मोजमाप नेमकं हेच आहे.

टक्के फसवतात

पत्रिकेवरचा टक्क्याचा आकडा बघून बरेच जण खूश होतात किंवा घाबरतात. महाराष्ट्रात १ टक्क्याच्या वर सेंद्रिय कर्ब असला की 'अत्यंत जास्त' असा शेरा मिळतो. पण टक्के म्हणजे साठा नव्हे.

समजा, खाली वहाळाकाठी एक सपाट गवती तुकडा आहे. माती ३० सेंटिमीटरपर्यंत एकसारखी, खडे नाहीत, कर्ब १.२ टक्के. एका हेक्टरात त्या खोलीपर्यंत सुमारे ३,६०० टन माती येते, म्हणजे जवळपास ४३ टन कर्ब. आता वर सड्यावर या. तिथे कातळावर माती ५ सेंटिमीटर, त्यात वजनाने निम्मे खडे. खडे वजा जाता हेक्टरी ३०० टन माती. तिच्यात कर्ब २.५ टक्के सापडला, पत्रिकेवर शाबासकी मिळाली. प्रत्यक्ष साठा साडेसात टन. टक्के दुप्पट, साठा जेमतेम सहावा हिस्सा.

हे उदाहरणादाखल घेतलेले आकडे आहेत, पण गणित खरं आहे, आणि ते सड्याच्या बाबतीत फार महत्त्वाचं आहे. सड्यावर कार्बन साठवण्याची मोठी स्वप्नं बघायला तिथे जागाच नाही. जी थोडी माती आहे ती हजारो वर्षांत साचलेली आहे आणि ती एकदा गेली की आपल्या हयातीत परत येत नाही. सातबारावर सडा बहुधा पोटखराब, म्हणजे लागवडीला निरुपयोगी, म्हणून नोंदलेला असतो, त्यामुळे चिरेखाणीला द्यायला किंवा सुरुंग लावून, बाहेरून माती आणून कलमं लावायला कुणाला फार विचार करावासा वाटत नाही. कलमांचं उत्पन्न खरं आहे, मी ते नाकारत नाही. पण ती माती जिथून खरवडून आणली, त्या जागेचा हिशेबही मांडायला हवा. तो सहसा कुणी मांडत नाही.

आणि सड्याला कार्बनच्याच तराजूत तोलणं हेच मुळात चुकीचं आहे, असं माझं ठाम मत आहे. श्रावणात तिथे गेंद आणि सीतेची आसवं फुलतात, जगात इतरत्र कुठेही न सापडणारी दिपकाडी तिथेच येते, कातळशिल्पं तिथेच आहेत, आणि सड्यावरून मुरलेलं पाणी खालच्या विहिरींना मिळतं. सड्याने कार्बन कमी साठवला म्हणून त्याची किंमत कमी होत नाही.

डोंगरउताराची गोष्ट वेगळी. सड्यावर झाड नाही कारण खाली कातळ आहे. उतारावर झाड नाही, कारण ते आपण राहू दिलं नाही. कवळासाठी, म्हणजे भातरोपाच्या वाफ्यावर भाजायच्या पाल्यासाठी, फांद्या तोडल्या, सरपणासाठी खोडं तोडली, नाचणीसाठी उतार भाजले, मग गुरं आणि वणवे. त्यामुळे गवत टिकलं. खात्री करायची तर गावातल्या देवराईत जाऊन बघा. तोच पाऊस, तोच जांभा, आणि आत ऐन, किंजळ, कुंभ्याची दाट सावली. म्हणजे कोकणातले बरेचसे गवताळ उतार ही माणसाने राखलेली अवस्था आहे. असा उतार कार्बन साठवतो का, हे विचारताना पुढचा प्रश्न विचारावाच लागतो: कशाच्या तुलनेत? नांगरलेल्या, उघड्या जमिनीच्या तुलनेत तो नक्की जास्त धरतो. तिथे एकेकाळी असलेल्या जंगलाच्या तुलनेत त्याने पुष्कळ गमावलेलं आहे.

गुरांचा हिशेब

गुरं हा या विषयातला सगळ्यात तापणारा भाग. एका बाजूला गाय म्हणजे पृथ्वीचं वाटोळं असं बोलणारे, दुसऱ्या बाजूला गाय चरली की सगळं बरं होतं असं सांगणारे. आकडे बघू.

गाय-म्हैस रवंथ करते तेव्हा पोटातले सूक्ष्मजीव गवत आंबवतात आणि त्यातून मिथेन तयार होतो. तो मुख्यतः ढेकरेवाटे बाहेर येतो. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी पॅनेलने, म्हणजे आयपीसीसीने, २००६ साली भारतीय उपखंडासाठी धरलेले आकडे असे: म्हशीमागे वर्षाला ५५ किलो मिथेन, आणि दुधाची गाय सोडून बाकीच्या गायी-बैलांमागे सरासरी २७ किलो. आपलं कोकणी जनावर अंगाने लहान, तेव्हा २७ चाच आकडा घेऊ. शंभर वर्षांचा विचार केला तर एक किलो मिथेन सुमारे २७ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. म्हणजे एका जनावरामागे वर्षाला जवळपास पाऊण टन कार्बन डायऑक्साइड. त्यातला निव्वळ कार्बन काढला तर सुमारे २०० किलो.

म्हणजे एका हेक्टरवर असं एकच जनावर चरत असेल, तर त्याच्या मिथेनची भरपाई करायला त्या हेक्टरच्या मातीत दरवर्षी २०० किलो नवा कर्ब टिकून राहायला हवा. खराब झालेल्या कुरणाची चांगली निगा राखली तर हेक्टरी वर्षाला काहीशे किलोंची वाढ होऊ शकते, तेव्हा काही काळ हे गणित जुळतंही. पण एका हेक्टरवर दोन जनावरं आली, किंवा मातीची वाढ मंदावली, की जुळत नाही.

गाईच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. तिच्या मिथेनमधला कार्बन कोळशासारखा जमिनीच्या पोटातून उकरून आणलेला नाही, तो याच वर्षी गवताने हवेतून घेतलेला आहे. आणि मिथेन हवेत सरासरी बारा-एक वर्षं टिकतो, मग मोडतो. त्यामुळे कळपाची संख्या वर्षानुवर्षं तेवढीच राहिली तर हवेतला त्याचा साठाही साधारण तेवढाच राहतो. चाकरमानी मुंबईला गेले, घरातली माणसं थकली, गोठे रिकामे झाले. अशा गावात गाईवर हवामानाचा सगळा दोष ठेवणं अन्यायाचं आहे. मात्र जिथे तबेले वाढताहेत, बाहेरून खुराक येतोय, तिथे ही सवलत लागू नाही, कारण नव्या जनावरासोबत नवा मिथेन येतो आणि हवेत असेपर्यंत तो फार प्रखर असतो. वीस वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींच्या आसपास जातो.

जगभरचा हिशेब २०२१ साली 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकातल्या अभ्यासाने मांडला. त्याचा निष्कर्ष थोडक्यात असा: नैसर्गिक आणि विरळ चराईचे गवताळ प्रदेश कार्बन साठवून पृथ्वीला जेवढा थंडावा देतात, जवळजवळ तेवढीच उष्णता माणसाने वापरात आणलेली कुरणं, त्यांच्यावरची गुरं आणि खतं यांमधून निर्माण होते. एक बाजू दुसरीला खाऊन टाकते. नुसतं "गवत कार्बन साठवतं" म्हणणं का पुरेसं नाही, ते यातून कळतं.

चराईचा मातीवर होणारा परिणाम गवताच्या जातीप्रमाणेही बदलतो. आपली मारवेल, पवन्या, कुसळी ही उष्ण प्रदेशातली गवतं, कडक उन्हातही जोमाने वाढणारी. अशा गवतांवर बेताची चराई झाली तर मातीतला कर्ब टिकतो, कधी थोडा वाढतोही, कारण खाल्लेलं गवत नव्याने फुटतं आणि मुळांकडे माल पाठवतं. थंड प्रदेशातल्या गवतांमध्ये हे सहसा उलट होतं. म्हणून युरोपातला निष्कर्ष जसाच्या तसा लांज्याला लावता येत नाही, आणि लांज्याचा युरोपला. पण बेताची म्हणजे खरोखर बेताची. सगळ्यात मोठं नुकसान जूनमध्ये होतं. पहिल्या पावसाने कोंब फुटतात, भुकेली गुरं लगेच सोडली जातात, आणि मुळांत साठवलेलं जे काही होतं ते कोंबासाठी खर्च झालेलं असताना कोंबच खाल्ला जातो. गवत वीतभर होईपर्यंत तेवढे आठवडे थांबलं, तर त्याच जमिनीवर त्याच गुरांना दिवाळीपर्यंत जास्त चारा मिळतो. यासाठी एक पैसा लागत नाही. लागते ती वाडीतल्या सगळ्यांची एकी, आणि ती पैशापेक्षा अवघड आहे, हे मला ठाऊक आहे.

वणवा

"जाळलं तरी परत येतंय" यातलं तथ्य आधी मान्य करू. गवत जळताना जो कार्बन डायऑक्साइड निघतो, तेवढा पुढच्या पावसाळ्यात नवं गवत बहुतांशी परत घेतं. त्यामुळे हिशेबात तो धरत नाहीत. पण आगीतून फक्त कार्बन डायऑक्साइड निघत नाही. एक टन सुकं गवत जळलं की साधारण सव्वादोन किलो मिथेन आणि २०० ग्रॅमच्या आसपास नायट्रस ऑक्साइड निघतो. नायट्रस ऑक्साइड कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट प्रखर. दोन्ही मिळून टनामागे सुमारे १२० किलो कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम होतो, आणि हे वायू पुढच्या पावसात उगवणारं गवत परत घेत नाही. हेक्टरी तीन टन सुकं गवत उभं असेल तर एका वणव्यात ३६० किलो. एका लहान जनावराच्या वर्षभराच्या मिथेनच्या निम्मं, एका दुपारी, आणि बदल्यात दूध नाही, शेण नाही, काही नाही.

तरीही वणव्याचा खरा तोटा धुरात नाही, तो जूनमध्ये येतो. मार्च-एप्रिलमध्ये जळलेला उतार पावसाला सामोरा जातो तेव्हा उघडा असतो. जमिनीवर पाला नाही, पडलेल्या काड्या नाहीत. कोकणातला पाऊस रिमझिमत नाही, तो आदळतो. एका हेक्टरवरून माती फक्त एक मिलिमीटर वाहून गेली तर ती १२ टन होते. वरच्या थरात कर्ब २ टक्के असेल तर त्याबरोबर २४० किलो कर्ब गेला. आठवतं, एका जनावराची भरपाई करायला वर्षाला २०० किलो लागत होता? नखाच्या जाडीएवढी माती गेली की त्याहून जास्त गेला. त्यातला काही कर्ब खाडीच्या गाळात गाडला जातो, सगळाच हवेत जात नाही, हे खरं. पण उतारावरून तो गेला, आणि खाडीत गाळ वाढला तो वेगळाच.

शिवाय दरवर्षीचा वणवा उतारावर झाड येऊच देत नाही. ऐनाचं, किंजळीचं रोप दोन वर्षं जगतं, तिसऱ्या वर्षी जळतं. काजूची बाग, आंब्याची कलमं, गवताच्या उडव्या, कधी गोठासुद्धा जातो. उतार जाळला की गवत चांगलं येतं, ही समजूत जुनी आहे. राखेमुळे पहिल्या सरींनंतर कोंब लवकर आणि हिरवेगार दिसतात, हे खरं आहे. पण वर्षानुवर्षं जाळलेल्या उतारावर मारवेलसारखी मऊ, गोड गवतं मागे पडतात आणि कुसळीसारखी आगीला टिकणारी, गुरांच्या तोंडाला टोचणारी गवतं माजतात. म्हणजे ज्यासाठी जाळायचं, तेच हातातून जातं.

भाताच्या रोपासाठी राब भाजतात तो याचाच धाकटा भाऊ. पाला, कवळ, शेण, गवत, सगळा कर्ब एका तासात हवेत. गादीवाफ्यावर न भाजता रोप करता येतं आणि पुष्कळ जण आता तसं करतात.

कापणी, शेण आणि युरिया

गवत कापून विकणं हा पालघर-ठाण्याकडचा जुना धंदा, मुंबईच्या तबेल्यांना लागणारं सुकं गवत तिकडूनच जायचं. कापलेल्या एक टन सुक्या गवतात सुमारे ४५० किलो कार्बन असतो. एवढा कार्बन गाडीत भरून गेला म्हणून जमीन तेवढीच कंगाल झाली असं नाही, कारण त्यातला बहुतेक भाग इथे राहिला असता तरी वर्षा-दोन वर्षांत कुजून हवेतच गेला असता. जमिनीच्या साठ्यात शेवटी शिल्लक राहतो तो त्यातला थोडासाच हिस्सा. खरी झीज होते ती पालाश, स्फुरद, नत्राची. ते परत आलं नाही तर गवत वर्षागणिक विरळ होतं, मुळं कमी होतात आणि मग कर्ब घसरतो. गवत खाणारी गुरं गावातच असतील आणि शेणखत त्याच उतारावर परत जात असेल, तर कापणीने फार बिघडत नाही. आपल्याकडे शेणखत भाताला आणि कलमांना जातं, उताराला कधीच नाही. दर तीन-चार वर्षांनी एखादा हात तिकडेही फिरवायला हवा.

शेणाबद्दल एवढंच: माळावर पडून सुकलेल्या शेणातून मिथेन फारसा निघत नाही. ओल्या, कोंडलेल्या खड्ड्यात तो पुष्कळ निघतो. गोबरगॅस असेल तर तोच मिथेन चुलीत जळतो आणि मळी खत म्हणून हाती राहते.

गोठ्याशेजारी संकरित नेपियर या चाऱ्याच्या गवताचा तुकडा लावणाऱ्यांनी युरियाचाही हिशेब धरावा. जमिनीत टाकलेल्या नत्रातला साधारण १ टक्का नायट्रस ऑक्साइडच्या रूपात उडतो, ओल्या हवामानात त्याहून जास्त. ४५ किलोच्या एका गोणीमागे हे जवळपास ९० किलो कार्बन डायऑक्साइडइतकं होतं, कारखान्यातला धूर वेगळा. नेपियर लावूच नये असं माझं म्हणणं नाही. थोड्या जागेत भरपूर चारा आला तर डोंगरावरचा भार हलका होतो. पण हिरवा मळा दिसला की कार्बन साठतोय, असं समजू नये.

वाढ थांबते, घट थांबत नाही

इंग्लंडमध्ये रोथमस्टेड इथे गवतावरचा जगातला सर्वांत जुना प्रयोग १८५६ पासून अखंड चालू आहे, आणि शेजारीच शेतजमिनीचं गवताळ जमिनीत व गवताळ जमिनीचं शेतात रूपांतर करूनही दशकानुदशकं मोजणी झाली आहे. तिथे दिसलं ते असं: शेत गवताखाली टाकलं की कर्ब आधी भराभर वाढतो, मग सावकाश, आणि पुढे एका पातळीवर स्थिरावतो. होणारी निम्मी वाढ व्हायला पंचवीस-एक वर्षं लागली आणि सगळी व्हायला शंभरेक. थंड इंग्लंडचा वेग कोकणाला तंतोतंत लागू नाही, पण रीत तीच आहे. मातीच्या कणांना धरता येईल तेवढा कर्ब धरून झाला की नवी वाढ थांबते. गुरं मात्र दरवर्षी मिथेन सोडत राहतात. आणि वीस वर्षांत कमावलेलं एका नांगरटीत, एका जेसीबीत किंवा सलग चार वणव्यांत जाऊ शकतं.

म्हणूनच माझ्या मते कोकणात पहिलं काम नवा कार्बन मिळवण्याचं नाहीच, आहे तो न घालवण्याचं आहे. उभ्या चढाचे, माणसाने सोडून दिलेले उतार आगीपासून वाचवले तर ते स्वतःच करवंदाच्या जाळीपासून सुरुवात करून झाडीकडे जातात, रोपं विकत आणावी लागत नाहीत. तिथे खरा, मोठा साठा होऊ शकतो. सौम्य उतारावरचं गवत गुरांसाठी राखावं, जूनमध्ये थांबून, शेणखत परत देऊन. गवत वेळेत कापून उडव्या रचाव्यात, आग पुढे सरकू नये म्हणून जानेवारीच्या आत जाळरेषा काढाव्यात, उरलेलं जाडंभरडं गवत कलमांच्या आळ्यात आच्छादन म्हणून घालावं. सडा आहे तसा ठेवावा, तिथे झाडं लावण्याचा उत्साहसुद्धा दाखवू नये. २०२६ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी कुरणं आणि पशुपालकांचं वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. त्यानिमित्ताने वृक्षारोपणाचा ट्रक सड्यावर आला, तर गावाने तो खाली वळवावा.

कार्बन क्रेडिटचा कागद घेऊन कुणी आलं तर सही करण्याआधी चार गोष्टी विचारा. आज जमिनीत किती कर्ब आहे, हे किती खोलीपर्यंत आणि किती ठिकाणी मोजलं? गुरांचा मिथेन आणि खताचा नायट्रस ऑक्साइड हिशेबात धरला आहे का? करार चालू असताना वणवा लागला तर नुकसान कुणाचं? आणि इथली गुरं कमी केली तर ती शेजारच्या गावाच्या डोंगरावर गेली नाहीत, हे कोण बघणार? हेक्टरी चाळीस टनांच्या साठ्यात वर्षाला दोन-तीनशे किलोंचा फरक एका वर्षात पकडणं जवळजवळ अशक्य आहे. एकाच उतारावर दहा पावलांवर त्याहून मोठा फरक असतो. पाच वर्षांच्या आत आकडा दाखवणारा माणूस बहुधा मोजून नाही, अंदाजाने बोलतोय.

आपलं आपण तपासायचं असेल तर मे महिन्यात, पहिल्या सरीआधी नमुना काढा. उतारावर वर, मध्ये आणि खाली अशा जागा ठरवून तिथे खुणेचा चिरा पुरा. प्रत्येक जागी ० ते १५ आणि माती असेल तर १५ ते ३० सेंटिमीटरचा नमुना वेगळा काढा, कातळ किती खोलीवर लागला ते लिहा, आणि माती चाळून खड्यांचं वजन वेगळं नोंदवा, कारण प्रयोगशाळा खडे फेकून उरलेल्या मातीचेच टक्के सांगते. पाच वर्षांनी त्याच चिऱ्यापाशी, त्याच महिन्यात, तेवढ्याच खोलीचा नमुना घ्या. बहुतेक प्रयोगशाळा सेंद्रिय कर्ब वॉकली-ब्लॅक नावाच्या रासायनिक पद्धतीने काढतात, पण सगळ्या नाही, आणि दोन पद्धतींचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. तेव्हा कोणती पद्धत वापरली, हे पहिल्याच वेळी विचारून पत्रिकेच्या मागे लिहून ठेवा.